थेलरवरचं कुंकू

भात पिवळं पडायला लागलं की माझं डोकं तापायला लागतं. आमचे हे म्हणतात, ऑक्टोबरचं ऊन आहे, सरबत घे. सरबताने जाणारा ताप असता तर केव्हाच गेला असता. घोरावाडीला लोकलमध्ये बसावं, वडगाव मागे पडावं आणि दोन्ही खिडक्यांतून लोंब्यांनी वाकलेली शेतं दिसायला लागावीत, यात डोकं तापण्यासारखं खरं तर काही नाही. कापणीला आलेल्या इंद्रायणी भाताचा वास डब्यात येतो, एखादी बाई विळे गोणपाटात गुंडाळून दारापाशी बसलेली असते, कामशेत आलं की उतरते. मलाही बरं वाटतं. कान्हे स्टेशनपर्यंत वाटतं. मग त्या वासाच्या मागोमाग ती सगळी सुगी आठवते आणि मी खिडकीची दांडी घट्ट धरून बसते.

यंदा तर निमित्तच मिळालं. परवा सकाळी लोणावळ्याच्या साहेबांचा फोन. या गृहस्थांचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तेवढंच त्यांचं कौतुक व्हायचं. मोठा बंगला, मोठी गाडी, आणि जुन्या नाण्यांचा मोठा संग्रह. आवाज कसा मधाळ. म्हणाले, बाई, तुम्ही तांदूळ आणायला वडिवळ्याला जाता ना, तर तिकडे कुणाच्या देवघरात आणखी काही जुनं दिसलं तर लक्षात ठेवा. आणखी! हा शब्द त्यांनी किती सहज वापरला! मी म्हटलं, माझा कुकर शिट्ट्या करतोय, आणि फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

मीही नाणीच जमवते, हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई दुसऱ्याच्या छंदावर उगाच घसरली. अठराव्या शतकात युरोपात चांदीची मोठमोठी नाणी पाडत. इंग्रजांचं क्राउन, फ्रेंचांचं एकू, ऑस्ट्रियाकडचं थेलर. जमवणारे या सगळ्यांना सरसकट क्राउनच म्हणतात. आपल्या जुन्या रुपयाच्या दुपटीहून जड. एक ठेवलं की तळहात भरतो. एका बाजूला राजा नाहीतर राणी, मागे ढाल, मुकुट, गरुड असलं काहीतरी. आयुष्यभर मी बँकेच्या खिडकीमागे बसून लोकांचे पैसे हाताळले. त्या पैशांकडे कुणी बघत नाही, नुसते मोजतात. मला असा पैसा हवा होता, की जो मोजायचाच नाही, नुसता बघायचा.

तो लोणावळ्यात सापडला. तिथला एक जुना बंगला पाडत होते आणि त्यातलं सामान बाजारातल्या एका जुन्यापुराण्याच्या दुकानात आलं होतं. आम्ही गेलो होतो आरामखुर्ची बघायला. खुर्ची मोडकी निघाली. मी सहज बटणांचा एक डबा उपसत बसले, आणि कोटाच्या बटणांमधून एक जाडजूड फ्रेंच राजा वर आला. कुरळ्या केसांचा टोप, दुहेरी हनुवटी, चेहऱ्यावर जेवण नुकतंच झाल्याचं समाधान. त्या बंगल्याच्या जागी आता हॉटेल आहे आणि हॉटेलच्या आवारात सिमेंटचा धबधबा. खऱ्या धबधब्यांच्या गावात सिमेंटचा धबधबा! तो बघायला माणसं ढमाढम गाणी लावून येतात, रस्ता अडवून उभी राहतात आणि आम्हालाच विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे म्हणून.

बाईने नाणी जमवायची म्हणजे आणखी एक ताप असतो. नाणी दाखवली की लोक विचारतात, मिस्टरांचा संग्रह का? आमच्या मिस्टरांना अकबर आणि औरंगजेब यांच्या नाण्यांतला फरक दाखवला तर ते म्हणतात, दोन्ही गोलच आहेत. दुसरा प्रश्न, याचे किती येतील? घरात मुलगी दाखवली तर तिचे किती येतील असं कुणी विचारतं का? हे मी एकदा एका पाहुण्याला बोलून दाखवलं. तेव्हापासून ते आमच्याकडे येत नाहीत, आणि मला त्याचं दुःख नाही.

आणि या छंदातला पहिला नियम म्हणजे नाणं घासायचं नाही. चांदीवर वर्षानुवर्षांची काळसर झाक चढते. तीच तिची त्वचा. ती गेली की नाणं सोललं म्हणायचं. माझ्या नणंदेने एका दिवाळीत माझा फ्रेंच राजा लक्ष्मीपूजनासाठी म्हणून चिंचेने घासायला घेतला होता. मी वेळेवर पोचले म्हणून निम्मीच हनुवटी उजळली. ती दिवाळी मी तिच्याशी बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं. तिने घासलं ते लक्ष्मीपुढे काळं काही ठेवू नये म्हणून. घासणाऱ्या हातामागे काय असतं हे बघायला हवं, हे मला पुढे त्या सुगीत कळलं.

वडिवळ्याच्या ठकूमावशीकडून आमचा वर्षाचा तांदूळ येतो. धरणाच्या खालच्या अंगाला त्यांची खाचरं आहेत. मावशीचा मुलगा बाळू पाळण्यात असतानाच तिचा नवरा गेला. तिने दिराच्या मदतीने शेती केली, पोराला वाढवलं. आता बाळू आंबीच्या एका कारखान्यात मशीनवर असतो आणि सुट्टीला शेतात. त्याची बायको रंजना घर सांभाळते. मावशी उंच, काटक, आवाज असा की खालच्या खाचरातला माणूस वरच्या खाचरात वळून बघतो. मला बाईच म्हणते. पहिल्यांदा गेले तेव्हा तांदूळ दाखवायच्या आधी तिने मला देवघराकडे नेलं. आधी देवाला भेटायचं, मग तांदळाचं बोलायचं, ही त्या घरची रीत.

त्यांच्या देवघरात टाक आहेत. मावळातल्या बहुतेक घरांत असतात. चांदीच्या छोट्या पत्र्यावर ठोकून काढलेले कुळाचे देव. खंडोबा, भैरोबा, घरातला कुणी मागे गेलेला वीर. तांबड्या फडक्यावर तांब्याच्या ताटलीत ते ओळीने बसलेले, आणि मधोमध, सगळ्यांच्या दुप्पट मोठी, कुंकवाने लाल झालेली त्यांची देवी.

ती देवी म्हणजे थेलर होतं.

ऑस्ट्रियाच्या राणीचं. भरलेले खांदे, पुष्ट गाल, डोक्यावरून मागे घेतलेला पदर. खूप लोकांना हे नाणं माहीत असतं, कारण राणी गेल्यावरही तिच्या शेवटच्या सालाचा शिक्का मारून ते पुढे किती तरी काळ पाडत राहिले. पण हे त्यातलं नव्हतं. हे तिच्या हयातीतलं होतं, आधीच्या सालाचं. अक्षरांच्या खाचांमध्ये पिढ्यांचं कुंकू भरून दगडासारखं झालेलं. एक गाल बोटं फिरून फिरून सपाट. मावशीने ते उलटं करून मागची बाजू दाखवली. दोन डोक्यांचा गरुड.

"ह्यो गंडभेरुंड," ती म्हणाली. "म्हंजे देवीच की न्हाई?"

देवळांच्या दगडांवर दोन तोंडांचा पक्षी बघत वाढलेल्या माणसांच्या हातात कधीतरी हे नाणं पडलं. पुढे पदर घेतलेली बाई, मागे गंडभेरुंड. त्यांनी दुसरं काय समजायचं होतं? मला तर त्यांच्यापेक्षा चांगला अर्थ अजून लावता आलेला नाही.

ती तिथे कशी आली, हे कुणाला ठाऊक नाही. त्या काळी युरोपातून चांदी जहाजांनी आपल्या किनाऱ्याला यायची, टांकसाळीत वितळायची आणि तिचे रुपये व्हायचे. लाखो राण्या अशा वितळल्या असतील. ही वाचली. बोरघाट चढून कुणाच्या तरी कमरेच्या पिशवीत बांधलेली आली असेल, मीठ घेऊन येणाऱ्या बैलाबरोबर आली असेल. आता त्याच घाटात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागलेली असते आणि माणसं काचा खाली करून वेफर्सची पाकिटं बाहेर टाकतात. तेव्हा मला तिची आठवण येते. तिने या घाटातून येताना काही टाकलं नसेल.

मी मावशीला सांगितलं नाही, की हे नाणं आहे. काय कारण होतं? जे कुणाच्या पूजेत आहे ते संग्रहात येत नाही, हा नियम मला कुणी शिकवलेला नाही आणि शिकवावाही लागला नाही. दर सुगीला मी जायची, हात धुऊन देवीला हात लावायची, मावशी म्हणायची, बाईंची लय भक्ती. भक्ती नव्हती असं मी म्हणणार नाही.

आता ती सुगी. कापणी उरकत आली होती. मी नेहमीसारखी कामशेतला उतरून वडिवळ्याला गेले. खळ्यावर भात झोडून झालं होतं, पेंढा अंगणात रचला होता, दिवाळी दोन पावलांवर, आणि घर मात्र गप्प. मावशी ओसरीच्या कोपऱ्यात पाठ फिरवून बसली होती. माझ्याकडे वळली, या म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे बघत राहिली. ज्या बाईचा आवाज धरणावर ऐकू जातो ती पुटपुटली तर माणूस घाबरणारच. रंजनाने मला मागच्या दारी बोलावून घेतलं आणि सांगितलं, सासूबाई नवं शिवत नाहीत.

नवं म्हणजे नव्या भाताचा पहिला घास. तो आधी देवीला, मग घरच्यांना. देवीने नवं खाल्ल्याशिवाय मावशी नवं खात नाही. सगळं घर नवा तांदूळ खात होतं आणि मावशी मागच्या वर्षीचा तळाला राहिलेला तांदूळ वेगळा शिजवून घेत होती. तोही आता संपत आला होता. रंजनाला भीती ती होती. तो संपल्यावर म्हातारी काय खाणार? मी विचारलं, मग देवीला नैवेद्य का नाही दाखवला? रंजनाने देवघराकडे हात केला. जाऊन बघते तर ताटलीत मधोमध एक नवाकोरा टाक. आठ हातांची, चकचकीत, सोनाराकडून नुकतीच आलेली. राणी नव्हती.

झालं होतं असं. नवरात्रात बाळूने हौसेने देवघराचा फोटो काढून मोबाइलवर स्टेटसला ठेवला. तो कारखान्यातल्या कुणी बघितला, त्याने पुढे पाठवला, आणि फिरत फिरत तो लोणावळ्याच्या साहेबांच्या फोनवर गेला. साहेबांना नाणं ओळखायला काय वेळ लागतो? पेढ्यांचा पुडा घेऊन गाडी वडिवळ्यात हजर. मावशी तेव्हा रानात होती, हे बरोबर बघून.

आता बाळू काही खुळा नाही. नाणं विकता का, असं कुणी दारात येऊन विचारलं असतं तर त्याने त्याला गावाच्या वेशीपर्यंत पोचवून दिलं असतं. साहेबांना हे कळत होतं. म्हणून त्यांनी विकण्याची भाषाच काढली नाही. आधी ते हसले. म्हणाले, अरे, ही तर परदेशातली राणी आहे, तुम्ही हिला देवी म्हणता? बाळू ओशाळला. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, आणि हा पदर बघितलास का? हा नवरा वारल्यावरचा पदर आहे. विधवा बाई आहे ही. देवघरात मधोमध विधवा बसवून तिला कुंकू लावताय तुम्ही, पिढ्यान्‌पिढ्या. घरात कुणाचं काही वाईट झालं का रे?

बाळूच्या घरात वाईट झालं होतंच. त्याचा बाप तरुणपणी गेला होता. कुणाच्या घरात काही झालेलं नसतं? असा प्रश्न विचारला की उत्तर प्रत्येक दारात तयारच असतं. तो हबकला. साहेबांनी लगेच दिलासा दिला, तू काळजी करू नकोस, मी तुला खरी देवी करून आणतो, शास्त्राप्रमाणे, आणि ही मी घेऊन जातो, तुझ्या घरात नको. दोन दिवसांत नवा टाक आणून दिला. बाळूने हात जोडून राणी त्यांच्या हातात ठेवली. वर त्यांचे आभार मानले!

हे सगळं रंजनाने मला मागच्या दारी सांगितलं. फसवणूक मी पुष्कळ बघितली आहे. बँकेच्या खिडकीमागून माणसाचे सगळे नमुने दिसतात. खोटी सही, खोटी नोट, खोटे अश्रू. पण हा माणूस एक शब्द खोटं बोलला नव्हता, याचाच मला संताप आला होता. राणी होती हे खरं, परदेशी हे खरं, पदर नवरा गेल्यानंतरचा हेही खरं. इतिहास वाचून शिकायचा तो यासाठी? स्वतःच्या बंगल्यात तीच राणी मखमलीवर ठेवताना तिचा पदर आड येत नाही, तो मावशीच्या देवघरातच आड येतो? आणि त्या घरात हे बोलायचं, जिथे एका बाईने विधवापणात पोर वाढवलं, त्या पोराजवळ! माझी आई असती तर म्हणाली असती, जळो ते शिक्षण. मी तेच म्हणते.

घरी येऊन मी भांडी आपटली. यांनी विचारलं, काय झालं? सांगितलं. हे म्हणाले, त्या साहेबाला काय आवडतं तुझ्याकडचं? मला आधी कळेना. मग कळलं, आणि मी यांच्याकडे बघितलंच नाही, उठून आत गेले.

नाणी जमवणाऱ्यांची आमची एक छोटी बैठक असते. त्या वेळी ती साहेबांच्याच बंगल्यात होती. लांबरुंद व्हरांडा, समोर दरी, दरीत ढग उतरलेले, वेताच्या खुर्च्या, चहाबरोबर चिक्की. इतकी सुंदर जागा आणि त्यात ते. साहेबांनी शेवटी, गोड पदार्थ शेवटी वाढावा तशी, एक पारदर्शक डबी काढली. राणी आत होती. पांढरीफटक. एखाद्या रसायनात बुडवून काढली होती. अक्षरांतलं कुंकू गेलेलं, झाक गेलेली, नव्या स्टीलच्या वाटीसारखी चमकत होती. फक्त एक गाल सपाट. तेवढ्यावरून मी ओळखली.

जो माणूस आम्हाला दर बैठकीत सांगतो की नाणं घासू नका, त्याने हे केलं होतं. मी म्हटलं, घासलंत? ते म्हणाले, बाई, कुंकवाचा गाळ होता नुसता, चांदी खात होता. गाळ! माझ्या नणंदेने चिंच लावली ती देवापुढे मांडण्यासाठी. साहेबांनी रसायन लावलं ते देवपण काढून टाकण्यासाठी. त्या दिवशी मी मनातल्या मनात नणंदेची माफी मागितली.

मग साहेबांनी ती गोष्ट सांगितली. पोरगा कसा घाबरला, विधवा म्हटल्यावर त्याचा चेहरा कसा झाला, गंडभेरुंडाची कशी गंमत. नक्कल चांगली करतात ते. सगळे हसले. चिक्की तोंडात असताना हसणारी माणसं मी त्या दिवशी नीट बघून घेतली. मी उभी राहिले आणि म्हटलं, साहेब, नाण्याच्या कडेवर काय लिहिलंय ते जरा सगळ्यांना वाचून दाखवा. थेलरच्या कडेवर लॅटिनमध्ये त्या राणीचं ब्रीद असतं. त्यांनी वाचलं आणि अर्थही सांगितला, कारण माहिती सांगायला ते नेहमीच तयार असतात. न्याय आणि दया. मला वाटलं, लागलं असेल कुठे तरी. साहेब हसून म्हणाले, "बाई, ते नाण्यावर लिहिलेलं आहे, आपल्यावर नाही."

निर्लज्जपणालाही एक धार असते. मी खाली बसले. वाद घालून राणी परत मिळणार नव्हती. मावशीच्या घरातला जुना तांदूळ संपत होता. मी पिशवीतून माझा फ्रेंच राजा काढून टेबलावर ठेवला. बटणांच्या डब्यातला, निम्म्या उजळलेल्या हनुवटीचा. साहेब कित्येक वर्षं त्याच्या मागे होते आणि मी नाही म्हणत होते. त्यांचे डोळे बदलले. डबी त्यांनी माझ्याकडे सरकवली आणि राजा उचलला. उचलून आधी भिंगाखाली धरला. माझ्याकडे बघितलंही नाही. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मात्र म्हणाले, बाई, तुम्ही आज तोट्यात गेलात. त्यांना खरंच तसं वाटत होतं. दुसरं काही वाटू शकतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. रस्त्यावर आल्यावर मी रडले. राजासाठीच रडले, खोटं कशाला बोलू?

माझ्या ट्रेमध्ये त्याची मखमलीची खोबण अजून रिकामी आहे. म्हणजे होती. आता आमचे हे त्यात कानाच्या मशीनचे सेल ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वडिवळ्याला गेले. धरणाच्या पाण्यावर धुकं होतं, बांधाबांधाने कापलेल्या भाताचे सड पायाला टोचत होते. मावशी अंगणात सुपाने भात वारवत होती. काम चालूच होतं. खाणार नसली तरी कामाला ती कधी नाही म्हणत नाही. बाळूची सुट्टी होती. मी डबी उघडली आणि राणी मावशीच्या हातावर ठेवली. मावशीने ती उजेडाकडे धरली. ओळख पटेना.

"हिला कुनी खरवाडली?" तिने विचारलं.

मावशीने अंगठा राणीच्या गालावर ठेवला. सपाट जागी तो बरोबर बसला. सूप खाली ठेवलं आणि देवघरात गेली. आम्ही मागोमाग. तिने नवा टाक उचलून बाजूला सरकवला आणि राणीला मधोमध बसवलं. रंजनाने विचारलं, नव्या देवीचं काय करायचं? मावशी म्हणाली, ऱ्हाऊ दे की, आली तशी ऱ्हाऊ दे, दोघी असल्या म्हंजे बोलायला व्हतं.

बाळू उंबऱ्यावर उभा होता. त्याला आत येववेना. त्याच्यावर रागवायचं असं मी येताना ठरवलं होतं, पण त्याचं तोंड बघून ते जमेना. भीती पोटात शिरली की शिकलेला काय आणि न शिकलेला काय. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या हाय. खरं सांगा. ती इधवा हाय का न्हाई?"

तोंडातून शब्द गेल्यावर आपण कुणासमोर बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. मावशी वळून माझ्याकडेच बघत होती. त्या क्षणी खोटं बोलायला माझी काहीच हरकत नव्हती. एका खोट्यावर घर शांत झालं असतं. पण त्या बाईसमोर मला ते जमेना. मी म्हटलं, हो. नवरा गेल्यानंतरचा पदर आहे तो. त्यानंतरही तिने पुष्कळ वर्षं राज्य चालवलं.

मावशीने विचारलं, पोरं व्हती का तिला? मी म्हटलं, सोळा. मावशीने राणीकडे नव्याने बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आदर म्हणेन. मग ती बाळूकडे वळली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुजा बा गेला तवापासनं मला कुनी कुंकू लावलं न्हाई. मला बी कुनाला लावता आलं न्हाई. सवाष्णी माझ्या हातचं घेत न्हाईत. मी रोज सकाळी हिला लावत हुते. मला लावाया हे येकच कपाळ व्हतं, बाळ्या. ते बी तू दिऊन आलास."

बाळू उंबऱ्यावरच खाली बसला.

मावशीने करंडा उघडला, बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात फिरवलं आणि राणीच्या पांढऱ्याफटक कपाळावर टेकवलं. एवढ्या चांदीवर ते फार लहान दिसत होतं. बोटाला थोडं कुंकू उरलं. ते ती पदराला पुसणार तेवढ्यात रंजना पुढे झाली आणि सासूपुढे कपाळ धरून उभी राहिली. मावशीचा हात मध्येच थांबला. तिने एकदा बाळूकडे बघितलं. मग सुनेला लावलं. मीही पदर सावरून पुढे झाले, तर मला लावताना बोट जरा जास्तच दाबलं.

मग ती म्हणाली, "रंजे, नवं शिजाय टाक. बाई जेवून जातील."